वाचक विचारतात : वाणाची रोपं, खारं पाणी आणि घरातली झाडं

या अंकासाठी सोलापुरातून आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. पुण्या-मुंबईच्या हवेवर बेतलेला सल्ला सोलापुरात जसाच्या तसा चालत नाही. इथली हवा कोरडी आहे, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, नळ काही दिवसांआड येतो आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. घरातलं झाड निवडताना आणि दुसऱ्याला देतानाही, पानं किती देखणी आहेत यापेक्षा त्या घरात पाणी कोणतं आणि उजेड किती, हे आधी बघावं. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्यावर येतात.

प्रश्न : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाटतो. यंदा रोपं वाण म्हणून द्यायची आहेत. चाळीसेक बायका येतात. रोपं घरीच तयार होतील का? तुळस द्यावी का? आणि सुगडात लावली तर?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

ताई, घरी नक्की होतील, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करा. डिसेंबरात लावलेले फाटे, म्हणजे वेलाचे कापलेले तुकडे, गारठ्यामुळे मुळं धरायला फार वेळ घेतात. संक्रांतीच्या सुमाराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे हवा गार असते, तेव्हा नुकतं लावलेलं रोप नुसतं उभं राहतं, वाढत नाही. वाण देताना रोपाला नवी दोन पानं तरी फुटलेली हवीत.

चाळीस रोपांसाठी मनी प्लांट सगळ्यात भरवशाचा. एका कुंडीत एकच फाटा लावला तर रोप केविलवाणं दिसतं, म्हणून तीन लावा. म्हणजे 120 फाटे लागतील, काही कुजतात म्हणून 140 घ्या. सहा फुटांच्या वेलावर साधारण वीस पेरं मिळतात, तेव्हा सात वेल पुरतील. शेजारणींकडून मागून आणा, याच्याइतका मुबलक वेल दुसरा नाही. प्रत्येक फाट्याला एक पान, एक पेर आणि त्या पेरावरचं तपकिरी हवाई मूळ हवं. पेराच्या खाली एक सेंटिमीटर आणि वर एक सेंटिमीटर ठेवून धारदार कात्रीने कापा. पेराशिवायचं नुसतं पान पाण्यात महिनोन्‌महिने हिरवं राहील, मुळंही सोडेल, पण त्याला कोंब कधीच येणार नाही. पुष्कळ जण इथेच चुकतात.

फाटे नळाच्या पाण्यात ठेवा, पेर बुडलेलं आणि पान बाहेर. काचेची बरणी असेल तर तिला कागद गुंडाळा, म्हणजे शेवाळ धरत नाही. नळ येईल त्या दिवशी पाणी बदलायचं, एवढाच नियम ठेवा. पंधरा-वीस दिवसांत मुळं तीन-चार सेंटिमीटर होतात, तेव्हाच मातीत लावा. आणखी लांब होण्याची वाट पाहू नका. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात, लावताना तुटतात आणि मातीत गेल्यावर लवकर रुळत नाहीत.

चार इंची कुंडीत अर्धा लिटरच्या आसपास मिश्रण बसतं. चाळीस कुंड्यांना 20 लिटर, सांडलवंड आणि दबणं धरून 24 लिटर तयार ठेवा. आठ लिटर चाळलेली तांबडी माती, आठ लिटर गांडूळखत, आठ लिटर भिजवलेलं कोकोपीट. कोकोपीटची 650 ग्रॅमची एक वीट फुगून जवळपास एवढीच होते. वीट भिजवल्यावर ते पाणी पिळून टाका आणि पुन्हा एकदा धुवा, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं आणि इथल्या पाण्यातल्या क्षारांत त्याची भर नको. शेतातली काळी माती मात्र कुंडीत घालू नका. ती ओली असताना मुळांचा श्वास कोंडते आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली ताटलीत उतरतं, मुळं कोरडीच राहतात आणि आपल्याला वाटतं भरपूर पाणी घातलं.

सुगडाची कल्पना गोड आहे, पण तळाला भोक नसलेलं सुगड म्हणजे मुळं कुजणार हे नक्की. भोक पाडायचं तर सुगड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी बाहेरून तळाला चिकटपट्टी लावा आणि 6 मिलिमीटरचं दगडी कामाचं बिट घालून ड्रिल हळू फिरवा. ड्रिलची हातोड्यासारखी ठोकणारी कळ बंद ठेवा, नाहीतर सुगड दुभंगतं. आणि लहान सुगड चोहोबाजूंनी पाणी पितं, एका दिवसात कोरडं होतं. म्हणून त्यात मनी प्लांटऐवजी बारीक पानांचा जेड किंवा कोरफडीचं पिल्लू लावा. कोरफडीचं पिल्लू वेगळं केल्यावर दोन-तीन दिवस सावलीत जखम सुकू द्या, लावल्यावर चार दिवस पाणी घालू नका.

तुळस द्यायची इच्छा अगदी योग्य आहे, वेळ तेवढी चुकीची आहे. थंडीत ती पानं गाळते, मंजिऱ्यांवर येते, आणि घेणारीला वाटतं आपल्याच हातून वाळली. तुळशीच्या बाबतीत हे वाटणं मनाला फार लागतं. आत्ता मंजिऱ्या वाळवून बी डबीत ठेवा, मेच्या पहिल्या आठवड्यात सावलीत पेरा. बी मातीत पुरू नका, वर भुरभुरवून नुसतं दाबा आणि पिचकारीने ओलं ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांत उगवते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आषाढी एकादशीला घरोघरी तुळशीचं रोप जावं यासारखं वाण नाही.

वाण देण्याच्या आदल्या दिवशी पाणी घाला, त्या दिवशी नको, म्हणजे कुणाच्या साडीला चिखल लागणार नाही. कुंडीला सुतळीने एक चिठ्ठी बांधा : “मनी प्लांट. खिडकीपाशी उजेडात, थेट उन्हात नको. बोटाचं एक पेर माती कोरडी लागली की पाणी. पान लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये.” एवढी चिठ्ठी बरीच रोपं वाचवते.

प्रश्न : आमच्याकडे नळाला पाच दिवसांआड पाणी येतं. मधल्या दिवसांत बोअरचं पाणी घालतो. कुंड्यांवर पांढरा थर येतो, अरेका पाम आणि स्पायडर प्लांटची टोकं करपली आहेत. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं किंवा कुलरच्या टाकीत उरलेलं पाणी वापरावं का?
— वाचक, विजापूर रोड

दोन्ही नको. कुलरचं तर अजिबात नको. कुलरमध्ये पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. समजा तुमच्या पाण्यात लिटरमागे 600 मिलिग्रॅम क्षार आहेत आणि 40 लिटरची टाकी दिवसभरात 10 लिटरवर आली. थोडा चुना पॅडवर साचतो हे खरं, पण बाकीचे क्षार आता चौथाई पाण्यात आहेत, म्हणजे लिटरमागे 2000 च्या पुढे. शिवाय लोक टाकी न धुता रोज वरून पाणी भरतात, त्यामुळे हा आकडा वाढतच जातो. पॅडवर धरणारा तो पांढरा कडक थर डोळ्यांसमोर आणा, तेच पाणी आपण मुळांना देतो.

आरओचा हिशोबही सोपा आहे. एक भांडं शुद्ध पाणी देताना यंत्र दोन भांडी बाहेर टाकत असेल तर बाहेरचं पाणी मूळच्या जवळपास दीडपट खारं असतं. लादी पुसायला, संडासात टाकायला ठीक. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र चांगलं, त्यात क्षार जवळपास नसतात. ते जरूर जमवा.

आता मुख्य गोष्ट. घरातल्या कुंड्यांना बोअरचं पाणी लागतच नाही, मोजून पाहा. सहा इंची कुंडीला एका वेळी 300 ते 350 मिलिलिटर पाणी पुरतं. पंधरा कुंड्या धरल्या तर एका फेरीला पाच लिटर. थंडीत घरातल्या झाडाला पाच-सात दिवसांनी एकदाच पाणी लागतं, म्हणजे नळ येण्याचा दिवस हाच पाणी घालण्याचा दिवस. एप्रिल-मेमध्ये दर दोन दिवसांनी घालावं लागलं तरी पाच दिवसांत तीन फेऱ्या, पंधरा लिटर. तेव्हा 20 लिटरचा झाकणाचा एक ड्रम फक्त झाडांसाठी बाजूला भरून ठेवा. बोअरचं पाणी अंगणातल्या बोगनवेलीला, कण्हेरीला घाला, त्या सोसतात.

टोकं का करपतात तेही सांगतो. मुळांनी ओढलेल्या पाण्यासोबत क्षार वर चढतात. पानातून पाणी उडून जातं, क्षार पानाच्या टोकाला आणि कडेला साठत राहतात आणि तो भाग मरतो. करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. पानाच्या आकाराप्रमाणे तिरकं कापा आणि कापताना तपकिरी रेघ केसाएवढी राहू द्या. हिरव्यात कापलं की नवी जखम होते आणि पान पुन्हा तिथून वाळत जातं.

कुंडीत साठलेले क्षार धुऊन काढावे लागतील. आधी वरचा दोन सेंटिमीटर पांढरट थर खुरप्याने खरवडून फेका. मग कुंडी मोरीत ठेवा आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट नळाचं पाणी, आठ इंची कुंडी असेल तर आठ-नऊ लिटर, चार हप्त्यांत अर्ध्या अर्ध्या तासाने घाला. एकदम ओतलं तर पाणी वाट काढून निघून जातं, क्षार विरघळत नाहीत. निथळलेलं पाणी ताटलीत साठू देऊ नका, नाहीतर माती तेच परत शोषते. एवढं पाणी दर दोन महिन्यांनी काढणं जड जाईल, म्हणून उन्हाळ्यातून बाहेर पडताना एकदा करा आणि पावसाळ्यात कुंड्या दोन-तीन चांगल्या सरींखाली ठेवा. सोलापूरचा पाऊस कमी, पण जो पडतो तो क्षाराविना असतो. पाणी ओसरलं की लगेच आत घ्या, ढगाआडचं ऊन अचानक पडलं तर सावलीतली पानं भाजतात.

काही जण पाण्यात लिंबू पिळतात. त्याने पाण्याचा अल्कपणा थोडा उतरतो, क्षार कमी होत नाहीत. पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम ते मोजायचं लहान यंत्र काही शे रुपयांत मिळतं. कुंडीतल्या नाजूक पानांच्या झाडांना 300 च्या आतलं पाणी उत्तम, 600 पर्यंत सांभाळून, हजाराच्या पुढचं नकोच.

प्रश्न : मैत्रिणीच्या वास्तुशांतीला मे महिन्यात नर्सरीतून फुलावर आलेली पीस लिली नेली. पांढऱ्या चिनी मातीच्या कुंडीत, वर चकचकीत कागद. तीन आठवड्यांत मेली. तिला अपशकुन वाटला, मला वाईट वाटलं. चूक कोणाची?
— वाचक, साखर पेठ

मैत्रिणीची नाही, एवढं तिला आवर्जून सांगा. झाड तिच्या घरी पोचलं तेव्हाच दमलेलं होतं.

आपल्या नर्सऱ्यांतली पुष्कळ शोभेची झाडं बाहेरून येतात, त्यांतली बरीच आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियम पट्ट्यातून. गोदावरीकाठची ती दमट हवा, वर ग्रीन नेट, रोज पाणी. तिथून ट्रकने निघून सोलापूरच्या मे महिन्यात उतरलेलं रोप हवेशी जुळवून घेत असतानाच आपण ते उचलतो. त्यात मुळांभोवती बहुतेक वेळा चिकट तांबड्या मातीचा घट्ट गोळा असतो. नर्सरीत तोच गोळा मोकळ्या मिश्रणात बसवून देखण्या कुंडीत देतात. पाणी मोकळ्या मिश्रणातून वाहून जातं आणि आतला गोळा विटेसारखा कोरडा राहतो. कुंडीला भोक नसेल तर उलटंही होतं : तळाशी तळं साचतं आणि मुळं कुजतात. झाड दोन्ही बाबतींत सारखंच मान टाकतं. तहानलेल्या झाडाची माती कोरडी असते, ते पाणी मिळाल्यावर दोन-तीन तासांत उभं राहतं. कुजलेल्याची माती ओली असूनही ते झुकलेलं असतं आणि कुंडीला आंबूस वास येतो. अशा वेळी आणखी पाणी म्हणजे शेवटचा घाव.

पुढच्या वेळी झाड महिनाभर आधी आणा. पिशवी फाडून गोळा बादलीत पंधरा-वीस मिनिटं बुडवा, बुडबुडे थांबले की काढा आणि बाहेरचा साधारण तिसरा हिस्सा माती बांबूच्या काडीने हळूच मोकळी करा. सगळी धुऊ नका, बारीक मुळं तुटतात. भोक असलेल्या साध्या कुंडीत लावा, शोभेची कुंडी नुसती बाहेरून आवरण म्हणून वापरा, आत तळाशी दोन बोटं उंचवटा ठेवा. चकचकीत कागद देतेवेळी गुंडाळायचा आणि घरी पोचल्यावर काढायला सांगायचं, कारण तो पाणी अडवतो. एप्रिल-मेमध्ये मातीला हात लावायची वेळ आली तर गोळा सोडवू नका, नुसता भिजवून लावा आणि पावसाळ्यात पुन्हा बघा.

उन्हाळ्यातल्या वास्तुशांतीला पीस लिली, फर्न, कॅलेथिया ही दमट हवेची झाडं टाळावीत असं आमचं स्पष्ट मत आहे. स्नेक प्लांट किंवा झेडझेड प्लांट द्या. दोघांच्या अंगात पाणी साठलेलं असतं, नव्या घराच्या गडबडीत पंधरा दिवस कुणी पाहिलं नाही तरी ती तग धरतात.

प्रश्न : घरात दीड वर्षाचं बाळ आणि मांजर आहे. कोणती झाडं टाळावीत?
— वाचक, होटगी रोड

मनी प्लांट, सिंगोनियम, अग्लोनिमा, पीस लिली, डिफेनबेकिया आणि झेडझेड यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यावर तोंडाची आग होते, लाळ गळते, जीभ सुजते. अळू खाजतं ते याच कारणाने. तोंड पुसून, चुळा भरून थंड पाणी द्या. सूज वाढली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास झाला तर ताबडतोब दवाखाना. कण्हेर आणि अडेनियम यांचा विषय वेगळा, त्यांचं विष हृदयावर परिणाम करतं. बाळ असलेल्या घरात ती ठेवू नका आणि भेटही देऊ नका. अशी कुठलीही भीती नको असेल तर स्पायडर प्लांट आणि अरेका पाम घ्या. मांजर स्पायडर प्लांट कुरतडतं, त्याला टांगत्या कुंडीत लावा.

प्रश्न : स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतो म्हणून झोपायच्या खोलीत चार कुंड्या ठेवल्या. फायदा होईल ना?
— वाचक, अशोक चौक

झाडं ठेवा, पण त्या फायद्यासाठी नाही. स्नेक प्लांट पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रं रात्री उघडतो आणि कार्बन डायऑक्साइड रात्री घेतो, हे खरं. पण चार कुंड्यांनी खोलीतल्या ऑक्सिजनमध्ये जाणवण्यासारखा फरक पडत नाही. झाडं हवा शुद्ध करतात ही समजूत नासाच्या 1989 च्या अहवालातून पसरली, तो प्रयोग लहान बंदिस्त पेट्यांत केलेला होता. आपल्या खोलीत दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलते. खिडकी उघडणं जास्त उपयोगाचं.

प्रश्न : जेडच्या फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं आणि कुंडीवर मुंग्या. फवारलं तरी परत येतं.
— वाचक, मंगळवार पेठ

हा पिठ्या ढेकूण. मेणाच्या आवरणामुळे वरवरची फवारणी त्याला लागत नाही. आधी कान साफ करायची कापसाची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पुंजका टिपून काढा. मग एक लिटर कोमट पाण्यात 2 मिलिलिटर पातळ साबण विरघळवून त्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल घाला. आधी साबण आणि मग तेल हा क्रम मोडू नका, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं जाळतं. सूर्य मावळल्यावर फवारा, दर सात दिवसांनी तीनदा. अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात म्हणून एकदा फवारून भागत नाही. मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी येतात आणि पिल्लांना झाडभर पसरायला मदत करतात, तेव्हा कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवून त्यांची वाट तोडा. तरीही आला तर रोप कुंडीतून काढून मुळं बघा, तिथेही लपतो.

प्रश्न : दिवाळीत आठ दिवस माहेरी जाते. शेजारी किल्ली देण्यासारखं कुणी नाही. झाडांचं काय करू?
— वाचक भगिनी, भवानी पेठ

सोलापुरात याला सगळ्यात सोपं उत्तर कपाटातच असतं : जुना सुती टॉवेल. त्याच्या उभ्या तीन सेंटिमीटर रुंद, हातभर लांब पट्ट्या फाडा. गरम पाण्यात साबणाने धुऊन घ्या, कापड मऊ करणाऱ्या द्रवाचा थर असेल तर पाणी चढत नाही. ओल्या पट्टीला पीळ देऊन वात करा, एक टोक पेन्सिलीने कुंडीत आठ सेंटिमीटर खोल खुपसा, दुसरं बादलीच्या तळापर्यंत सोडा. पॉलिस्टर मिसळलेला टॉवेल घेऊ नका, त्याची वात कमी पाणी ओढते.

बादली जमिनीवर मधोमध, कुंड्या भोवती, आणि पाण्याची पातळी कुंडीतल्या मातीपेक्षा थोडी खाली. हा फरक पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त झाला तर पाणी पुरेसं चढत नाही. बादली स्टुलावर उंच ठेवली तर पाणी वातीतून उताराने सरळ वाहत राहतं, एका रात्रीत बादली रिकामी आणि लादीवर पाणी. सहा इंची कुंडी या दिवसांत रोज 60 ते 80 मिलिलिटर पिते, आठ दिवसांचं 650 धरा. चार कुंड्यांना तीन लिटर पुरेल, पण पाणी खाली जात जातं म्हणून बादली निम्मी रिकामी झाली तरी वात बुडलेली राहील एवढं, सहा-सात लिटर भरा. वाती जाण्यापुरत्या फटी ठेवून झाकण घाला, डास होऊ देऊ नका.

निघायच्या दोन दिवस आधी हे लावून बघा. बादलीवर पेनाने खूण करा, दुसऱ्या दिवशी पातळी उतरली आणि माती ओलसर लागली तर जमलं. स्नेक प्लांट, झेडझेड, जेड, कोरफड यांना वात लावू नका, त्यांना निघताना एकदा पाणी घालून खिडकीपासून हातभर आत सरकवा. परत आल्यावर वाती काढून टाका, कापूस मातीत कुजतो, आणि माती वरून कोरडी होईपर्यंत दोन-तीन दिवस पाणी घालू नका.